ऐकून घेतलं म्हणजे काय

१२ जानेवारी

मामा,

इथूनच तुझ्या पाया पडते. फोन सोडून ही पोरगी पत्रं कधीपासून लिहायला लागली, असं मामी विचारेल. तिला सांग, फोनवरचं बोलणं प्रबंधाच्या परिशिष्टात लावता येत नाही, पत्र लावता येतं. आमच्या गाइड सरांचा पत्रांवर फार भर आहे. माणूस पत्रात स्वतःशी खरं बोलतो, असं ते म्हणतात. त्यांना स्वतःला कधी कुणाला पत्र लिहिताना मी पाहिलेलं नाही.

माझ्या विषयाचं शीर्षक तीन ओळींचं आहे, ते सोडून दे. साध्या भाषेत सांगायचं तर माणूस न्याय मागायला कोर्टात जातो तेव्हा त्याचं कुणी ऐकून घेतं का, हे मी शोधतेय. ऐकून घेतलं जाणं हाही एक हक्कच आहे, हे माझं म्हणणं. मला प्रलंबित दावे हवेत. अख्खं शहर पालथं घातलं, आणि मग आठवलं की आपल्या घरातच एक आहे.

तर तू आणि टेलरकाका, तो पत्रा, ती खिडकी, कोर्टातल्या तारखा, सगळं मला लिहून पाठव. जसं सुचेल तसं. सोबत संमतीपत्र आहे, त्यावर सही कर. तुझं नाव कुठेही येणार नाही. तू फक्त ‘बाइंडर’ आणि काका फक्त ‘टेलर’. कुणाला काही कळणार नाही.

तुझी,
ठकू

२० जानेवारी

ठके,

सही केली आहे. मामीने कागद उलटा धरून, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाली, ‘नीट बघा हो, दुकान लिहून घेत नाही ना पोरगी?’

तू लहानपणी इथे येऊन खळीत बोटं बुडवून बसायचीस, त्यामुळे दुकान तुला माहीत आहे. तरी तुझ्या सरांसाठी लिहितो. गल्लीच्या टोकाला माझं बाइंडिंगचं दुकान. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला टेलरचं अंगण, आणि त्या अंगणाकडे उघडणारी माझी एकच खिडकी. वडील तिथेच बसून जुजबंदी, म्हणजे पानांची शिवण, करायचे, मीही तिथेच बसतो. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवताना दोरा नेमका घडीच्या पोटातून गेला पाहिजे आणि त्याला उजेड लागतो. टेलरने इस्त्रीच्या टेबलावर ऊन येतं म्हणून अंगणावर पत्रा टाकला तो थेट माझ्या खिडकीपर्यंत आणला. त्या दिवसापासून मी भर दुपारी दिवा लावून बसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्या खेपेला स्पष्ट सांगितलं, की दिव्याखाली शिवणकाम चालू ठेवलं तर थोड्याच वर्षांत हे काम सोडावं लागेल. दुसरं काम मला येत नाही. दाव्याचा मुद्दा एवढाच आहे.

बाकी टेलर माणूस वाईट नाही. पुस्तकांच्या पाठीला लावायला कापडाच्या पट्ट्या तो आधी मला फुकट द्यायचा. दावा लावल्यावर बंद केल्या.

ऐकून घेण्याबद्दल विचारलंस. कोर्टात अजून बोलायची वेळच आली नाही. एकदा साहेब बदलले, एकदा वकील आजारी, एकदा फाइल सापडेना. गल्लीत मात्र झालं. मागच्या महिन्यात मी पत्र्याचा विषय काढला तर टेलर मापाची टेप गळ्यात घेऊन रस्त्यावर आला आणि माझ्या वडिलांपासून सुरुवात करून बराच वेळ बोलला. सगळी गल्ली उभी होती. मी ऐकून घेतलं. घरी येऊन देवासमोर बसलो तेव्हा कुठे मन शांत झालं.

पण एक चांगली बातमी. त्यालाही आता कंटाळा आलाय. परवा म्हणाला, ‘पत्रा थोडा मागे कापला तर बघशील का रे माझ्या तोंडाकडे?’ पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी बसून मिटवायचं ठरलंय.

मामाचे आशीर्वाद.

२९ जानेवारी

मामा,

तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं. ‘मी ऐकून घेतलं’ या वाक्याशी ते थांबले आणि चष्मा काढला. सर चष्मा फार क्वचित काढतात. म्हणाले, ‘कोर्ट ऐकत नाही, पण बाइंडर ऐकतो. ज्याच्यावर अन्याय झाला तोच समोरच्याला बोलायला जागा देतो. हा तुझा तिसरा अध्याय.’ मी ते वाक्य ‘श्रवण आणि संवाद’ या गटात टाकलं आहे. रकान्याला हिरवा रंग दिलाय.

आता एक नाजूक गोष्ट. रविवारचं ते मिटवणं जरा पुढे ढकलता येईल का? माझा अभ्यास प्रलंबित दाव्यांचा आहे. निकाली निघालेले दावे दुसऱ्या एका मुलीकडे आहेत आणि ती फार भांडखोर आहे. तू मिटवलंस तर सरळ तिच्याकडे जाशील. शिवाय सरांचं म्हणणं असं की तडजोडीत नेहमी दुबळ्यालाच वाकावं लागतं. तू वाकू नयेस असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांनी तुला पाहिलेलं नाही, तरी वाटतं.

फक्त तिसरा अध्याय होईपर्यंत, मामा.

ठकू

१४ फेब्रुवारी

ठके,

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी टेलर दोन खुर्च्या मांडून बसला होता. मी गेलो, पण बसलो नाही. पत्रासोबत तू पाठवलेला तुझ्या अभ्यासाचा गोषवारा मी दोनदा वाचला होता. खरं सांगतो, आपल्या खिडकीवर कुणी शहाण्या माणसाने इतका विचार केलाय हे पाहून मला बरं वाटलं. उभ्यानेच म्हणालो, ‘हा प्रश्न पत्र्याचा नाही. माझ्या प्रतिष्ठेचा आणि प्रकाशावरच्या हक्काचा आहे. तो असा खुर्च्यांवर बसून सुटायचा नाही.’

टेलरने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘ताप आलाय का तुला?’

‘नाही.’

‘मग कुणाचं बोलतोयस हे? तुझं तर नाही.’

मी घरी आलो. त्या संध्याकाळी देवाचं नाव घेताना मन लागलं नाही. पण नंतर सवय झाली. आता गिऱ्हाइकांनाही मी दाव्याबद्दल सांगतो आणि त्यांनी हळहळ केली की चहा मागवतो. मामीला हे आवडत नाही. काल सकाळी म्हणाली, ‘अहो पीडित, उठा, नळाला पाणी आलंय.’ दुपारी डबा देताना, ‘पीडितांना लोणचं चालेल का?’

तुझा अध्याय कुठवर आला ते कळव. दिव्याची काच मी पुसून घेतली आहे, तेवढ्याने थोडा फरक पडतो.

मामा

३ एप्रिल

मामा,

उशीर झाला, रागावू नकोस. मोठी बातमी आहे. तिसऱ्या अध्यायाचा पेपर मी परिषदेत वाचला. सभागृह एका हॉटेलच्या तळघरात होतं. खिडकी एकही नव्हती, आणि मी प्रकाशाच्या हक्कावर बोलत होते. ‘वंचितांचा आवाज’ या सत्रात आठ जण बोलायचे होते. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं, वेळ कमी आहे, आवाज आटोपशीर ठेवा. मला सहा मिनिटं मिळाली. तरी टाळ्या पडल्या. एका बाईंनी विचारलं, की बाइंडर आता कसा आहे? मी म्हटलं, प्रलंबित आहे.

पेपर आता संशोधनपत्रिकेत छापून आलाय आणि इंटरनेटवरही आहे. प्रत सोबत पाठवतेय. पहिल्याच पानावर तू आहेस: ‘टेलरने आपली बाजू मांडली व बाइंडरने पूर्णपणे ऐकून घेतले. न्यायालयाबाहेर, भर रस्त्यात, दोघांमध्ये खरा संवाद झाला.’ सर म्हणाले, हे वाक्य दहा वर्षं उद्धृत होत राहील.

प्रबंधाला मात्र मुदतवाढ घ्यावी लागणार. तारखा काय फक्त कोर्टातच पडतात असं नाही.

ठकू

२२ एप्रिल

ठके,

दहा वर्षं कशाला, परवाच उद्धृत झालं.

टेलरच्या जावयाला कुठल्याशा कामासाठी कॉम्प्युटरवर ‘टेलर, बाइंडर, पत्रा’ असं काहीतरी टाकायचं सुचलं. आला की तुझा पेपर वर. आपल्या गल्लीत टेलर एक आणि बाइंडर एक. जावयाने तो छापून वकिलाकडे नेला आणि वकिलाने साहेबांपुढे ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या दाव्यात कुणीतरी काहीतरी वाचून दाखवलं.

त्यांचा वकील म्हणाला, ‘साहेब, वादीने प्रतिवादीचं म्हणणं पूर्णपणे ऐकलं असं छापील आहे. आता मुलगा बापाचं ऐकतो म्हणजे काय करतो? मानतो. वादीने पत्रा मान्य केला होता, आणि संवादही झाला होता. मग दावा कशाचा?’

साहेबांनी मला उभं केलं. ‘तुम्ही यांचं ऐकलं होतं का?’

मी म्हणालो, ‘ऐकलं नव्हतं साहेब, ऐकून घेतलं होतं.’

‘फरक काय?’

‘ऐकून घेतलं म्हणजे शिव्या खाल्ल्या.’

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. कागद पुन्हा पाहून म्हणाले, ‘इथे तर संवाद लिहिलंय. लिहिणारी बाई शिकलेली दिसते. तिला कळलं नसेल का?’ मग आमच्या वकिलांना म्हणाले, लेखिका ओळखीची असेल तर पुढच्या तारखेला घेऊन या, तिच्याच तोंडून अर्थ ऐकू.

तारीख दहा मेची आहे. ठके, तू ये. दोन वाक्यांचं काम आहे. नाही आलीस तर आमचे वकील म्हणतात की दावा आमच्यावर उलटेल, खिडकी कायमची गेली समज.

ऐकून घेणं म्हणजे काय हे तुला ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. तुझ्या आईच्या पोटी जन्म घेतलायस.

मामा

२ मे

मामा,

चार वेळा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं.

सरांना विचारलं. ते म्हणाले, शब्दाचा अर्थ बोलणारा ठरवत नाही, संशोधक ठरवतो, आणि एकदा छापल्यावर संशोधकही ठरवत नाही. मग मी आमच्या नीतिमत्ता समितीकडे गेले. त्यांनी बैठक घेऊन सांगितलं, की सहभागी माणसाची ओळख उघड करणं हा त्याच्या हक्काचा भंग आहे. म्हणजे मी कोर्टात आले तरी हेच ते बाइंडर असं म्हणू शकत नाही. तू समोर उभा राहून मामा आहे म्हणालास, तरी मला तुला ओळख दाखवता येणार नाही. तुझ्याच संरक्षणासाठी आहे हे.

शिवाय तो अर्थ बदलला तर तिसरा अध्याय उरत नाही. तिसरा गेला की चौथा आणि पाचवा त्याच्यावरच उभे आहेत.

दहा तारखेला माझं इथे सादरीकरण आहे. विषय, साक्षीदारांच्या अडचणी. मला येता येणार नाही.

ठकू

१२ मे

ठके,

तू लिहिलंस तेही खरंच असणार. समितीने माझी फार काळजी घेतली, त्यांना माझा नमस्कार सांग.

दहा तारखेचं सांगतो. कोर्टाबाहेर बाकावर जागा एकच होती, म्हणून मी आणि टेलर शेजारी बसलो. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘भाची आली नाही?’

‘नाही आली.’

‘तिने लिहिलंय ते जावयाने आम्हाला जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. संवाद म्हणे. आमची ही हसून हसून ताटावरून उठली. अरे, मी तुला रस्त्यात उभा करून सोलला होता. शब्द आठवून आठवून बोललो होतो. ते सगळं गेलं कुठे?’

मी म्हणालो, ‘हिरव्या रकान्यात गेलं.’

‘म्हणजे?’

‘मलाही नीट माहीत नाही.’

पुकारा झाला. साहेबांनी लेखिका कुठे म्हणून विचारलं. आमचे वकील चाचरायला लागले, तेवढ्यात टेलर उठून पुढे गेला. म्हणाला, ‘साहेब, मी सांगतो. मी शिव्या घातल्या होत्या, याने खाल्ल्या. याने पत्रा मान्य वगैरे काही केला नव्हता. उलट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं, पण हा नुसता उभा.’ त्याचा वकील मागून त्याचा शर्ट ओढत होता. टेलर वळून म्हणाला, ‘ओढू नका, मीच शिवलाय, उसवेल.’

साहेबांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, पुढच्या तारखेपर्यंत बाहेर मिटवता आलं तर मिटवा.

बाहेर आल्यावर मी त्याचे हात धरले. तर हात सोडवून म्हणाला, ‘थांब. पत्रा कापतो. पण आधी तिथे छापलेलं दुरुस्त झालं पाहिजे. माझ्या नावावर खोटं छापलंय, ते राहता कामा नये. जे बोललो ते बोललो.’

मी म्हटलं, ‘अरे, तुला त्यात चांगलाच ठरवलाय.’

‘म्हणूनच तर. चांगला ठरवायला मला विचारलं होतं का?’

आता तो हट्टाला पेटलाय. दुरुस्ती छापून आली तर पत्रा निघेल, नाहीतर दावा चालू राहील. मी तुझ्याकडे काही मागत नाही. तुझी वर्षं त्यात गेली आहेत, मला दिसतं. आणि खुर्च्या मांडलेल्या असताना उभ्याने भाषण करून परत आलो तो मीच, त्याला तुझे सर आले नव्हते. काय ते तू ठरव.

अजून एक. तुझ्या सरांचं मला स्वतंत्र पत्र आलंय. आमचा दावा मिटला तर खेद वाटेल असं लिहून, आणखी कुणा शेजाऱ्याशी वाद आहे का, असं विचारलंय. मामी म्हणाली, कळवा, बायकोशी आहे, प्रलंबित.

मामाचे आशीर्वाद.

६ जून

मामा,

पहिले आठ दिवस मी काहीच केलं नाही. तुझं पत्र उशाशी ठेवून झोपत होते. मग एका सकाळी तुझी आधीची पत्रं काढून वाचली. जानेवारीच्या पत्रात तू डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलं आहेस. मी ते वाचलं होतं, मामा. तुझ्या डोळ्यांचा मजकूर ‘आरोग्यविषयक, गौण’ म्हणून वेगळा काढून ठेवला होता. माझ्याच अक्षरात.

सरांकडे गेले आणि सांगितलं, अर्थ चुकलाय, मला दुरुस्ती द्यायची आहे. सर दार लावून तासभर बोलले. माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात केली, मग माझी कुवत, मग माझं भवितव्य. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, ‘आपला संवाद चांगला झाला.’

पत्रिकेच्या संपादकांना तीन वेळा लिहावं लागलं. त्यांना ‘शिव्या’ हा शब्द नको होता. ‘तीव्र अभिव्यक्ती’ सुचवत होते. मी म्हटलं, टेलरला चालणार नाही. नव्या अंकात आलं आहे:

‘शुद्धिपत्र. मागील अंकात, पहिल्या पानावर, “टेलरने आपली बाजू मांडली” याऐवजी “टेलरने शिव्या घातल्या”, व “दोघांमध्ये खरा संवाद झाला” याऐवजी “बाइंडर गप्प राहिला” असे वाचावे. चुकीबद्दल लेखिका दोघांची क्षमा मागते.’

तिसरा अध्याय गेला. चौथा, पाचवाही गेल्यात जमा आहे. सर नवीन गाइड शोध म्हणाले. ते स्वतः आता शिव्यांवर पेपर लिहितायत, शुद्धिपत्राचा संदर्भ देऊन.

काकांना अंक दाखव. आणि डोळ्यांचं खरं काय ते लिही. परिशिष्टासाठी विचारत नाही.

ठकू

१९ जून

ठके,

टेलरने अंक हातात घेऊन शुद्धिपत्र आधी मनात वाचलं, मग जावयाला वाचायला लावलं, मग गल्लीत येऊन पानवाल्याला दाखवलं. म्हणाला, ‘आता बरोबर आहे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन स्वतःच वर चढला. मी खालून शिडी धरली. ‘नीट धर, पडलो तर नवीन दावा लागेल,’ असं वरून सतत चालू होतं. इस्त्रीच्या टेबलापुरता पत्रा ठेवून बाकीचा काढला. वकिलांना कळवलंय, पुढच्या तारखेला दावा मागे घ्यायचा.

डोळ्यांचं विचारलंस. गेलेलं परत येत नाही म्हणतात, पण आहे ते टिकेल. मोठी घडी आणि जाड दोरा दिवसा जमतो. बारीक काम आता घेत नाही.

उजेड आल्यावर पहिल्या दुपारी मी फळीवरची जुनी कामं खाली काढली. विद्यापीठातून शिवण उसवली म्हणून परत आलेला एक जाडजूड प्रबंध होता, न्यायावरचाच, दिव्याच्या काळात मी बांधलेला. पाहतो तर मधला एक अख्खा फर्मा मी उलटा शिवलाय. सोळा पानं डोक्यावर उभी. प्रबंध तपासून पदवी देऊन झाली, इतकी वर्षं ग्रंथालयात राहिला, आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. मी घाबरून ग्रंथपालांना फोन केला. ते म्हणाले, शिवण तेवढी घट्ट करा, बाकी राहू द्या, तिथवर कुणी जात नाही.

ते मला पटलं नाही. लिहिणाऱ्याने कोणासाठी तरी लिहिलं असणार. म्हणून आज खिडकीशी बसून सगळा उसवलाय. पलीकडून टेलर बघतोय आणि मी दोरा कसा ओवावा ते मला शिकवतोय. मधेच पाठीसाठी निळ्या कापडाची पट्टी त्याने खिडकीतून आत टाकली. रंग त्यानेच ठरवला, मला विचारलं नाही.

तू पुन्हा पहिल्या पानापासून लिहिणार असशील तर सावकाश लिही. मला घाई नाही. बांधायला आणशील तेव्हा मात्र सकाळी लवकर ये, दुपारनंतर ऊन पलीकडे जातं.

मामा